सात शूरवीर, एक तारामासा आणि चुन्याची गोणी

अहो, ऐकलंत का? सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वुमन, फ्लॅश, ग्रीन लँटर्न, ॲक्वामॅन आणि मंगळावरून आलेले ते हिरवे गृहस्थ, मार्शियन मॅनहंटर. एवढी बडी बडी मंडळी पहिल्यांदा एका झेंड्याखाली आली आणि लढली कुणाशी म्हणता? तारामाशाशी! हो, तोच. ओहोटीला वाळूत निपचित पडलेला असतो, पोरं काठीने उलटा करून बघतात आणि पुन्हा भेळेच्या गाडीकडे पळतात, तो तारामासा. फक्त आकाराने अवाढव्य, मध्यभागी एक बटबटीत डोळा, आणि जिथे डोकं असायला हवं तिथे पृथ्वी जिंकायचे बेत. नाव काय घेतलंय बघा: 'विजेता स्टारो'. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय!

ही काही पाणवठ्यावरची कुजबुज नाही, छापील पुरावा आहे. 'द ब्रेव्ह अँड द बोल्ड' या डीसी कंपनीच्या अमेरिकन कॉमिकचा २८वा अंक, फेब्रुवारी-मार्च १९६०, किंमत दहा सेंट. लेखक गार्डनर फॉक्स, चित्रकार माइक सेकाउस्की, संपादक ज्युलियस श्वार्ट्झ. तिघेही या धंद्यात मुरलेले. त्यातले फॉक्स तर वकिली शिकलेले! सुपरहिरोंची 'जस्टिस लीग ऑफ अमेरिका' ही संघटना याच अंकात अवतरली. आता असं बघा, तेव्हा जोकर होता. लेक्स लूथरही होता. दोघेही १९४०पासून इमानेइतबारे खलनायकी करत होते. वीस वर्षं सेवा झालेली माणसं घरात असताना बाहेरून, तेही थेट अंतराळातून, जलचराची भरती! ज्येष्ठता यादी म्हणून काही असते की नाही?

बरं, मुखपृष्ठ तरी धड असावं! मध्यभागी तो एकडोळ्या आपल्या भुजा फेकत बसलाय आणि त्याच्याभोवती झुंजताहेत वीर किती, तर पाच. पाचच! कंपनीच्या दोन सगळ्यात मोठ्या नावांचा पत्ता नाही. आत पानं उलटली की खुलासा होतो. सुपरमॅन उल्का थोपवण्यात गुंतलेत आणि बॅटमॅन गुन्हेगारांच्या मागे आहेत. मोठी माणसं कामाच्या वेळी नेमकी कशी अडकलेली असतात, हे काय आपल्याला नवीन आहे? मिटिंग संपता संपता हजर होतात, आणि आभार मात्र सगळ्यांच्या बरोबरीने घेतात.

खरी गोम वेगळीच. सुपरमॅनचे संपादक मॉर्ट वायझिंगर आणि बॅटमॅनचे जॅक शिफ यांना आपली पात्रं दुसऱ्याच्या अंकात राबलेली पसंत नव्हती. पोरांनी दहा सेंटांत सात जण पाहिले, तर सुपरमॅनचा स्वतंत्र अंक कोण घेणार? म्हणून पत्रिकेत नाव, पण मांडवात पाय नाही. जगाचं रक्षण करायला निघालेल्या संघटनेत पहिल्याच दिवशी खातेनिहाय हद्दीचा वाद. आणि म्हणे न्यायाची लीग!

आता गोष्ट ऐका. समुद्रात कुणीतरी उपटसुंभ आलाय, ही खबर ॲक्वामॅनला मिळते माशाकडून. अंगात हवा भरून फुगणारा मासा, तो खबऱ्या. स्टारोमहाराज पृथ्वीवर येतात, इथल्या तीन साध्यासुध्या तारामाशांना हाताशी धरतात आणि त्यांना एकदम फुगवून उपसेनापती करून टाकतात. पक्षात आज प्रवेश, उद्या मंत्रिपद! एक उपसेनापती विमानातला अणुबॉम्ब पळवायला जातो, त्याच्यामागे ग्रीन लँटर्न. दुसरा सायन्स सिटी नावाच्या गावी शास्त्रज्ञांच्या डोक्यातलं ज्ञान शोषायला जातो, तिथे वंडर वुमन आणि मार्शियन मॅनहंटर. तिसरा ऱ्होड आयलंड राज्यातल्या हॅपी हार्बर या गावावर मोहिनी घालतो, तिथे फ्लॅश. म्हणजे 'एकत्र आले, एकत्र आले' म्हणून ज्यांच्या नावाचा डांगोरा पिटला, ते तीन ठिकाणी पांगले. एकी दाखवायची ती शेवटच्या पानांवर.

आणि सगळ्यात मोठा गैरप्रकार अजून पुढेच आहे. हा स्टारो म्हणे दुसऱ्यांच्या मेंदूवर ताबा मिळवतो. अहो, तारामाशाला मेंदूच नसतो! मी माझ्या मनाने सांगत नाही, प्राणिशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात पाहा. त्याला मेंदू नाही, रक्त नाही. अंगातून समुद्राचंच पाणी खेळवून तो शरीर चालवतो. डोळेही मध्यभागी नसतात, प्रत्येक भुजेच्या टोकाला एकेक बारीक ठिपका असतो आणि त्याला उजेड-अंधार आणि ढोबळ आकारांपलीकडे फारसं काही दिसत नाही. त्याच्या खाण्याची तऱ्हा तर चारचौघांत सांगू नये अशी. कालवाचे शिंपले तो चिकाटीने ओढत राहतो, बारीकशी फट पडली की स्वतःचं पोट तोंडातून बाहेर काढून आत सरकवतो आणि तिथल्या तिथे पचवतो. पोट बाहेर काढून जेवणारा, बिनडोक, बिनरक्ताचा प्राणी जगातल्या शास्त्रज्ञांची अक्कल चोरायला निघतो. हसावं की रडावं?

आता या महासंकटातून पृथ्वी वाचते कशी, तेही ऐका. हॅपी हार्बरचं अख्खं गाव स्टारोच्या मोहिनीखाली, एक पोरगा सोडून. नाव स्नॅपर कार. बोलता बोलता टिचक्या वाजवायची खोड, तोंडात त्या काळच्या टपोरी पोरांची बोली. मोहिनी याच्यावर का चालत नाही? पुण्याईमुळे? योगसाधनेमुळे? छे! हा घरच्या हिरवळीवर चुना पसरत होता आणि तोच चुना अंगाला लागला होता. झालं! ॲक्वामॅनच्या डोक्यात उजेड पडला. कालवांची शेती करणारे लोक तारामासे मारायला चुनाच तर वापरतात! मग अंगठी, वेग, कमरेचा जादूचा दोर, मंगळावरची विद्या सगळं बाजूला राहिलं आणि लीगने पृथ्वीच्या शत्रूला शब्दशः चुना लावला. चुन्याच्या थराखाली विजेता स्टारो गपगार.

एवढ्यावर थांबतील तर ती अमेरिका कसली! त्या टिचकीबहाद्दराला लीगचं मानद सदस्यत्व बहाल झालं. सुपरमॅनच्या मांडीला मांडी लावून बसायची पात्रता काय, तर बागेत चुना टाकला. आमच्या ओळखीचे एक निवृत्त सरकारी अधिकारी हा भाग ऐकून इतके चिडले की म्हणाले, "मग आमच्या कोपऱ्यावरच्या पानवाल्याला तर अध्यक्षच करायला हवं!"

पण थांबा, चुन्यावर हसू नका. चुन्याची गोष्ट खरी आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर कालवांच्या बागांचा तारामाशांनी अगदी उच्छाद मांडला होता. मच्छीमार आधी रागाच्या भरात त्यांचे तुकडे करून समुद्रात फेकत. पण मधल्या चकतीचा भाग शाबूत राहिला तर अशा तुकड्यातून नवा तारामासा वाढू शकतो. म्हणजे शत्रू मारायला जावं आणि त्याची पैदास करून घरी यावं! पुढे १९४०च्या दशकात तिथल्या संशोधकांनी कळीच्या चुन्याचे रीतसर प्रयोग केले. चुन्याचा कण तारामाशाच्या अंगावर पडला की कातडी जळते, जखम चिघळते आणि तो मरतो. आजही ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफमध्ये प्रवाळ फस्त करणाऱ्या काटेरी तारामाशांना पाणबुडे सुईने व्हिनेगर किंवा गुरांच्या पित्तापासून केलेलं द्रावण टोचतात. फॉक्स वकिलांनी खलनायक उटपटांग निवडला असेल, पण अभ्यास पक्का केला होता. दुःख याचंच आहे. निव्वळ मूर्खपणा असता तर निदान मनसोक्त शिव्या तरी घालता आल्या असत्या!

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या जाणत्या मंडळींना सरळ एखादा भयंकर राक्षस का नाही सुचला? कारण सुचायला बंदी होती. सहा वर्षांपूर्वी, १९५४ साली, अमेरिकेत खराखुरा गहजब झाला होता. फ्रेडरिक वर्थॅम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी कॉमिक्स पोरांना बिघडवतात असं सांगणारं पुस्तक लिहिलं. बॅटमॅन आणि त्याचा साथीदार रॉबिन एका घरात राहतात, यावरही त्यांनी भुवया उंचावल्या. सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली. भयकॉमिक्स काढणारे विल्यम गेन्स साक्षीला गेले. त्यांच्यासमोर एक मुखपृष्ठ धरलं गेलं, त्यावर एका हातात कुऱ्हाड आणि दुसऱ्या हातात बाईचं तोडलेलं मुंडकं. हे सुरुचीला धरून आहे का, असं विचारल्यावर गेन्स यांनी भयकॉमिकच्या मानाने आहे, असं सांगितलं. झालं, पुढे बोलायला उरलं काय?

सरकारी कात्री चालायच्या आत प्रकाशकांनी आपणच आपल्यावर 'कॉमिक्स कोड' लादून घेतला. रक्तपिपासू पिशाच्चं बंद. चालती प्रेतं बंद. माणसाचा लांडगा होणं बंद. नरभक्षण बंद. 'हॉरर' हा शब्द मासिकाच्या नावात बंद. सत्याचा विजय सक्तीचा. मग उरलं काय? समितीतल्या कुठल्याही सद्गृहस्थाला तारामाशावर बोट ठेवता येईना. तो मुंडकं तोडत नाही, थडग्यातून उठत नाही, कुणाशी संशयास्पद रीतीने एका घरात राहत नाही. शिवाय अंतराळातून येतो, म्हणजे त्याच्या देशाचा वकील निषेधाचं पत्र धाडणार नाही. जे सभ्य लोक पिशाच्चांवर नाक मुरडत होते, त्यांच्याच कृपेने एकडोळ्या तारामासा सिंहासनावर बसला. भोगा आता!

तरीही श्वार्ट्झ यांना मी पूर्ण निर्दोष सोडणार नाही. त्यांचा पूर्वेतिहास तपासा. कॉमिक्समध्ये येण्याआधी हे गृहस्थ विज्ञानकथा लेखकांचे एजंट होते. एच. पी. लव्हक्राफ्ट यांची अंटार्क्टिकावरची ती प्रसिद्ध भयकथा मासिकाला विकून देणारे हेच, आणि त्या कथेतल्या अतिप्राचीन परग्रहवासीयांची डोकी कशी होती? तारामाशाच्या आकाराची! आता यांचा त्यांचा संबंध आहे असं मी म्हणत नाही हं. मी फक्त दोन गोष्टी शेजारी ठेवल्या. शिवाय मुखपृष्ठावर गोरिला टाकला की अंक खपतो, हा शोधही डीसीच्या याच मंडळींचा. १९५१ साली 'स्ट्रेंज ॲडव्हेंचर्स'च्या एका अंकावर गोरिला झळकला, खप वाढला, आणि मग जो तो संपादक गोरिला मागू लागला. शेवटी महिन्याला एकाच मुखपृष्ठावर गोरिला, असा नियम करावा लागला, असं श्वार्ट्झ सांगत. माकडांचं रेशनिंग करणाऱ्या कार्यालयात तारामासा म्हणजे काय, किरकोळ रजेचा अर्ज.

आणि या सगळ्याची शिक्षा काय झाली? काहीही नाही! उलट बक्षीस मिळालं. 'द ब्रेव्ह अँड द बोल्ड'मधले लीगचे चाचणीचे तीन अंक संपले आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६०मध्ये 'जस्टिस लीग ऑफ अमेरिका'चं स्वतंत्र नियतकालिक सुरू झालं. खप असा की पलीकडच्या गल्लीतल्या मार्टिन गुडमन यांचे कान टवकारले. गुडमन म्हणजे पुढे ज्याला मार्व्हल म्हणू लागले त्या कंपनीचे मालक. ही बातमी त्यांना डीसीच्या साहेबांबरोबर गोल्फ खेळताना कळली, असं म्हणतात. गोल्फची ही फोडणी अनेक अभ्यासक मानत नाहीत. पण गुडमन यांनी त्या खपाकडे बोट दाखवून आपल्याला वीरांची टोळी काढायला सांगितली, हे खुद्द त्यांचे लेखक-संपादक स्टॅन ली सांगत. त्यातून नोव्हेंबर १९६१चा 'फँटास्टिक फोर'चा पहिला अंक निघाला. त्याचं मुखपृष्ठ आणि आपला २८वा अंक शेजारी ठेवून पाहा: मधोमध अक्राळविक्राळ प्राणी आणि भोवती झुंजणारे वीर. तिथून पुढे हल्क, स्पायडरमॅन, अ‍ॅव्हेंजर्स, आणि आपल्याकडे मल्टिप्लेक्सबाहेर पहाटेच्या शोला लागलेल्या रांगा. या सगळ्याचं मूळ खोदत गेलात की तळाशी चुन्यात लडबडलेला तारामासा सापडतो. डोक्याला हात लावून बसा!

मार्व्हलवाले तरी कुठे धुतल्या तांदळाचे? त्यांच्याकडे तर चित्रकार जॅक कर्बी यांच्या हातून राक्षसांचा कारखानाच चालला होता. नोव्हेंबर १९६०च्या 'टेल्स टू ॲस्टॉनिश'मध्ये एक झाड परग्रहावरून आलं. म्हणालं, मी एक्स ग्रहाचा सम्राट, तुमचं अख्खं गाव उचलून प्रयोगासाठी घेऊन जाणार. तेव्हा तो चांगली लांबलचक भाषणं ठोकायचा. एका शास्त्रज्ञाने त्याच्यावर वाळवी सोडली आणि सम्राट आडवा. त्याचं नाव ग्रूट! हो, तोच ग्रूट, जो २०१४ साली 'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी'तून सगळ्यांच्या गळ्यातला ताईत झाला. आता तीन शब्दांपलीकडे बोलत नाही आणि ते तीन शब्द म्हणायला व्हिन डिझेलसारखा नट लागतो. ऑक्टोबर १९६१मध्ये आला फिन फँग फूम. शेकडो वर्षं झोपलेला प्रचंड ड्रॅगन, अंगावर नुसती चड्डी. ड्रॅगनला चड्डी! तिचं माप कुणी घेतलं, कापड किती वार लागलं, शिंपी परत आला का, यावर अजून कुणी काही बोलत नाही.

तर सांगत काय होते, स्टारोचं पुढे काय झालं. मधली बरीचशी वर्षं अज्ञातवासात गेली आणि तो परत आला तो नवी सवय घेऊन. १९८१च्या 'जस्टिस लीग'मध्ये त्याची पिलावळ थेट माणसांच्या तोंडालाच चिकटू लागली. त्याआधी दोनच वर्षं 'एलियन' चित्रपटात तोंडाला चिकटणारा प्राणी येऊन गेला होता. पुन्हा तेच, मी फक्त दोन गोष्टी शेजारी ठेवते. ब्रायन बोलंड यांनी एका अंकाच्या मुखपृष्ठावर तारामासे तोंडाला चिकटलेले वीर काढले, आणि ज्याला साठ साली लोक हसले तोच आता अंगावर काटा आणू लागला. मग २००९मध्ये कुणाला तरी वाटलं, याला जरा भारदस्त करावं. 'रेबेल्स' नावाच्या मालिकेत त्याला माणसासारखा देह दिला, पिळदार दंड दिले, रीतसर दिग्विजयी सम्राट केलं. लेखक टोनी बेडार्ड यांनी मेहनतही घेतली. पण आज स्टारो म्हटल्यावर तो पैलवान कुणाच्या डोळ्यांसमोर येतो? कुणाच्याच नाही. लोकांना हवा तो डोळा आणि त्या पाच भुजा.

२०१८मध्ये तर कडेलोट झाला. लेखक स्कॉट स्नायडर यांनी स्टारोच्या तुकड्यातून एक छोटं पिल्लू काढलं आणि बरणीत ठेवलं. बरणीत राहतो म्हणून नाव जारो. हे कार्टं बॅटमॅनला बाबा मानतं आणि रॉबिनचा पोशाख चढवून मिरवतं. ज्या बॅटमॅनने १९६०मध्ये तारामाशाशी लढायला यायचं टाळलं, त्याच्याच पदरात तारामाशाचं लेकरू! यालाच म्हणतात करावे तसे भरावे.

आणि मग आला ऑगस्ट २०२१. दिग्दर्शक जेम्स गन यांनी 'द सुइसाइड स्क्वॉड' या चित्रपटात कोट्यवधी डॉलर ओतून, शहराच्या इमारतींवर पाय ठेवत चालणारा स्टारो उभा केला. जग तेव्हा नाकातोंडाला मास्क बांधून बसलं होतं आणि पडद्यावर माणसांच्या तोंडाला तारामासे बांधले जात होते. महाराष्ट्रातली थिएटरं तेव्हा बंदच होती, ती उघडली २२ ऑक्टोबरला; त्यामुळे आपल्याकडच्या भक्तांना हा गणंग मोठ्या पडद्यावर वेळेत पाहता आला नाही, याची हळहळ अजून चालू आहे. त्यातली आतली बातमी सांगू? सुइसाइड स्क्वॉड आणि स्टारो हे जुने शेजारी. मूळची सुइसाइड स्क्वॉड आली ती 'द ब्रेव्ह अँड द बोल्ड'च्याच २५व्या अंकात, १९५९ साली. २५ ते २७ अंक त्यांचे, २८वा याचा. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या दोन घरांचं भांडण बासष्ट वर्षांनी चव्हाट्यावर आलं म्हणायचं.

चित्रपटात चुना नव्हता. तिथे स्क्वॉडमधली हार्ली क्विन भाला घेऊन थेट त्याच्या डोळ्यात उडी मारते आणि शहरभरचे उंदीर आत शिरून त्याला पोखरतात. डोंगर पोखरून उंदीर निघाल्याचं आपण ऐकून होतो, इथे उंदरांनी डोंगर पोखरला. आणि मरता मरता तो प्राणी असं काही बोलतो की प्रेक्षकांच्या घशात आवंढा येतो. आपण अंतराळात तरंगत तारे बघत सुखी होतो, असं काहीसं. बिचाऱ्याला माणसांनी पकडून आणलं, तीस वर्षं प्रयोगशाळेत कोंडलं. राक्षस कोण, असा प्रश्न घेऊन लोक बाहेर पडले. तारामाशासाठी डोळे पुसणारी चांगली धडधाकट माणसं पाहायची पाळी आली!

त्यानंतरचं वेड तर विचारूच नका. कुठल्या राक्षसाला चित्रपटात काम मिळणार, याची नुसती कुणकुण लागली की त्याचा पहिला अंक शोधायला लोक धावतात. जुन्या रद्दीतले, पानं पिवळी पडलेले अंक आता दहापैकी गुण देऊन कडक प्लॅस्टिकच्या पेटीत सीलबंद केले जातात. पेटी फोडली की गुण गेले, किंमत गेली. म्हणजे अंक घ्यायचा आणि वाचायचा नाही. दहा सेंटांत घेऊन, खाटेवर पालथं पडून, दोन दिवसांत पानं सैल करणाऱ्या पोरांनी त्या अंकाला जेवढा मान दिला, तेवढा या पेटीवाल्यांनी दिलेला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता हसून झालं असेल तर खरं सांगते. लीगच्या पुढच्या दोन चाचणी अंकांत काय कमी होतं? २९व्यात शस्त्रसम्राट झोटार होता. ३०व्यात ॲमेझो होता, सगळ्या वीरांच्या शक्ती एकट्यात सामावलेला यंत्रमानव. खलनायक म्हणून दोघेही स्टारोपेक्षा कितीतरी रुबाबदार. तरी आज चर्चा २८व्याची. कारण पहिल्या अंकात जोकर आणला असता तर तो जोकरचा अंक झाला असता, लूथर आणला असता तर सुपरमॅनला उल्का सोडून धावत यावं लागलं असतं. सात घरच्या सात मानकऱ्यांना एकत्र आणायचं तर ज्याचं कुणाच्याच घरी येणं-जाणं नाही असा शत्रू लागतो. जो हसू येईल इतका परका आहे, ज्याच्याशी कुणाचं जुनं वैर नाही, आणि जो स्वतः भाव खाऊन जाणार नाही. फॉक्स आणि श्वार्ट्झ यांनी नेमका तसाच निवडला. रुबाबदार खलनायक आपल्या नायकापुरते मोठे झाले, हा बावळट मात्र अख्ख्या घराण्याचा मूळपुरुष होऊन बसला.

म्हणून वाचकांना कळकळीची विनंती. या अंकाची पुनर्मुद्रणं मिळतात, संग्रहांतही तो आहे. पेटीतला नको, उघडता येणारा घ्या आणि घरातल्या पोरांच्या हाती द्या. पानांना तेलाचे डाग पडले तर पडू देत. आणि पुढच्या वेळी कुणी नवा लेखक एखादा खुळा राक्षस घेऊन आला, तर नाक मुरडायच्या आधी त्याला एक संधी द्या. एकसष्ट वर्षांनी पस्तावायची पाळी आपल्यावर नको.